मॉर्मन लोकांना कोकाकोला चालत नाही, हे खरं का?

चालतो. (मॉर्मन म्हणजे अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ.) कोकवर बंदी कधीच नव्हती. १८३३ च्या 'वर्ड ऑफ विज्डम' या त्यांच्या आहारनियमांत दारू, तंबाखू आणि 'गरम पेयं' वर्ज्य सांगितली आहेत. गरम पेयं म्हणजे चहा-कॉफी, असा अधिकृत अर्थ आहे आणि टेम्पल या त्यांच्या पवित्र मंदिरात जाण्याचा परवाना देताना हा नियम पाळता का, हे बिशप, म्हणजे स्थानिक मंडळीचा प्रमुख, विचारतो. कोकचं तिथे नाव नाही. पण कॉफीत कॅफिन, कोकमध्येही कॅफिन, म्हणून कित्येक घरांत तोही बंद! शेवटी २०१२ मध्ये चर्चलाच खुलासा करावा लागला. तरी अमेरिकेच्या युटा राज्यातल्या, चर्चच्याच ब्रिगम यंग विद्यापीठाच्या कँटीनमध्ये कॅफिनवालं कोक मिळायला २०१७ उजाडलं.

कपड्यांचंही तेच. बायकांनी चर्चमध्ये पँट घालू नये असा नियम नाही. पण डिसेंबर २०१२ मध्ये काही जणींनी ठरवून एका रविवारी पँट घातली, तर केवढा गहजब झाला. आपल्याकडे 'आमच्यात असंच असतं' म्हणतात ना, तसंच.

गंमत म्हणजे वरिष्ठांना हे ठाऊक असतं. बॉइड पॅकर या प्रेषिताने (म्हणजे चर्चच्या सर्वोच्च नेत्यांपैकी एकाने) १९९६ मध्ये त्याच विद्यापीठात अशा अलिखित रीतींवरच भाषण केलं. धर्मग्रंथात नाही, चर्चच्या नियमपुस्तिकेत नाही, तरी पाळायच्या. मला वाटतं, नव्याने आलेल्या माणसाला खरी अडचण इथेच होते. लिखित नियम वाचता येतो, अलिखित मात्र शेजारच्या बाकावरच्या नजरेतूनच कळतो.