गाडी तापली, डीलर थंड

प्रश्न: नमस्कार दादा, मी जुळे सोलापूरला राहतो. एप्रिलमध्ये इथल्याच एका डीलरकडून 2016 ची डिझेल हॅचबॅक घेतली, 3 लाख 85 हजाराला, 78 हजार किलोमीटर झालेली. ट्रायल घेतली तेव्हा एसी मस्त, आवाज नाही, तापमानाचा काटा जागेवर. बाराव्या दिवशी घरच्यांना घेऊन तुळजापूरला निघालो तर घाट चढताना काटा एकदम वर, बॉनेटमधनं वाफ, बायको-पोरं भर उन्हात रस्त्याकडेला. शेवटी टोचन करून गाडी परत आणली. मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल, 35-40 हजार धरा. डीलर म्हणतो, "मालक, जुनी गाडी आहे, पावतीवर जशी आहे तशी असं लिहिलंय, बघूनच घेतली ना तुम्ही?" घेताना मात्र तोंडी म्हणला होता की इंजिन-गिअरबॉक्सची सहा महिने गॅरंटी माझी. मेकॅनिक मागं लागलाय, उद्या खोलू का म्हणून. काय करू?

उत्तर: खोलू नका. बाकी सगळं नंतर, आधी त्या मेकॅनिकला फोन करून थांबवा. हेड एकदा उतरलं, लेथवर फेसिंगला (घासून सपाट करायला) गेलं, जुनं गॅस्केट भंगारात पडलं, की गाडी आधीपासनं आजारी होती हे दाखवायला तुमच्याकडं काहीच उरत नाही आणि डीलर बिनधास्त म्हणणार, तुमच्या मेकॅनिकनंच वाट लावली. असे लोक माझ्याकडं कितीतरी आलेत, हातात 40 हजाराचं बिल आणि पुराव्याच्या नावानं शून्य.

आता न खोलता काय काय बघता येतं ते सांगतो. गाडी पूर्ण गार असताना कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) बाटलीत बघा. रंगीत कूलंट आहे का नुसतं नळाचं पाणी? पाणी असेल तर कुणीतरी वरनं टाकत होतं, असा संशय घ्यायला जागा आहे. रेडिएटरच्या तोंडाशी तपकिरी किंवा चंदेरी चिकट गाळ दिसला तर लीकेज बंद करायची पावडर किंवा औषध टाकलेलं असू शकतं. ऑइलची कॅप उघडून आतनं बघा, दुधाळ चहासारखा थर असेल तर पाणी ऑइलमध्ये उतरतंय. (रोज दोन-दोन किलोमीटरच गाडी चालवणाऱ्यांच्या कॅपखाली नुसत्या दमटपणानं पण थोडा थर येतो, त्यामुळं एवढ्यावरनं डीलरशी भांडायला जाऊ नका.) मग चांगल्या गॅरेजमध्ये ब्लॉक टेस्ट करून घ्या. कूलंटच्या टाकीवर एक नळी लावतात, त्यात निळं औषध असतं, सिलेंडरमधला गॅस पाण्यात येत असेल तर औषधाचा रंग बदलतो. दहा मिनिटांचं काम, व्हिडिओ काढा, व्हिडिओत नंबरप्लेट आणि मीटर दोन्ही दिसू द्या.

आणि माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा वेगळाच आहे, थर्मोस्टॅट व्हॉल, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप. तापणारी गाडी विकायची असली की काही मेकॅनिक हा व्हॉल काढूनच टाकतात, मग पाणी कायम रेडिएटरमधनं फिरत राहतं आणि गावातल्या गावात, सात रस्ता ते विजापूर रोड अशा ट्रायलला काटा छान खाली राहतो. घाटात चार माणसं बसवून एसी लावला की खरं बाहेर येतं. तुमची ट्रायल मस्त आणि घाटात वाफ, ही गोष्ट त्याच्याशी जुळतेय, पण जुळणं म्हणजे सिद्ध होणं नाही. व्हॉलचं हाउसिंग खोलायला हेड उतरवावं लागत नाही, दोन-तीन बोल्ट असतात, पण ते डीलरला आधी लेखी कळवून, त्याच्या माणसाला बोलावून, कॅमेऱ्यासमोरच खोला. तो आला नाही तर न येणं पण नोंदलं जातं. व्हॉल जागेवर नसेल तर तुमच्या बारा दिवसांत तुम्ही तो काढला असं म्हणणं त्याला अवघड जाईल.

मी पण एकदा फसलोय हो, स्वतः या धंद्यात असून. मेहुण्यासाठी गाडी बघायला गेलो, इंजिन इतकं शांत की मी दुसऱ्या कशाकडं बघितलंच नाही, महिन्याभरानं ऑइल बदललं तेव्हा कळलं आत गिअर ऑइलसारखं जाडजूड काहीतरी भरलं होतं, म्हणून आवाज दबला होता. मेहुणा अजून ऐकवतो, दिवाळीला तर हमखास.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाही, काटा वर गेल्यावर गाडी किती चालवली? लगेच थांबला असाल तर तसं लिहून ठेवा. पुढचा चढ संपवू म्हणून दोन-तीन किलोमीटर ओढली असेल तर डीलर तेच धरून बसणार आणि त्यात थोडं तथ्य पण असेल. पण सोलापूरचं ऊन 42 असो नाहीतर 43, धडधाकट गाडी त्या घाटात वाफ सोडत नाही हेही खरं.

आता पावतीवरच्या "जशी आहे तशी" बद्दल. त्याचा अर्थ क्लच घासलाय, टायर अर्धे गेलेत, एवढं तुम्ही मान्य केलं. माहीत असलेला दोष लपवून विकायची मोकळीक त्यातनं मिळत नाही. त्यानं जाहिरातीत किंवा व्हॉट्सॲपवर "इंजिन सीलपॅक" (म्हणजे कधी न खोललेलं), "एक रुपयाचं काम नाही" असं टाकलं असेल तर त्याचे स्क्रीनशॉट आजच काढा, उद्या ती जाहिरात दिसणार नाही. तोंडी गॅरंटीचं पण असंच, मेसेज करून विचारा, "तुम्ही सहा महिन्यांची गॅरंटी दिली होती, त्याप्रमाणे गाडी कधी आणू?" बघू करतो असं जरी उत्तर आलं तरी तुमचं काम झालं.

मग एक साधं पत्र, स्पीड पोस्टानं. गाडी कधी घेतली, काय झालं, टेस्ट काय सांगते, पंधरा दिवसांत दुरुस्ती करून द्या किंवा खर्च द्या. वकील लागत नाही. उत्तर नाही आलं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि तरी नाही हलला तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक कायद्याप्रमाणं तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे सोलापुरातच, दोन वर्षांच्या आत, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. डीलरला अजून एक विचारा, आरटीओचं अधिकारपत्र आहे का? 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना ते लागतं. काहींचा आवाज या प्रश्नावरच खाली येतो.

तरी खरं सांगू का, आयोगात वेळ जातो आणि गाडी तोपर्यंत दारात धूळ खात उभी. पत्र गेल्यावर तो "पार्ट माझे, मजुरी तुमची" म्हणत आला तर माझ्या हिशोबानं घ्या, फक्त काय ठरलं ते लिहून घ्या, हेड लेथवर तपासायचं त्यात येऊ द्या आणि काढलेलं जुनं गॅस्केट पिशवीत घालून घरी ठेवा.

प्रश्न: मी पंढरपूरची शिक्षिका. डीलरकडून घेतलेल्या गाडीचा मीटर 46 हजार दाखवतो, पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नोंद आहे की दोन वर्षांपूर्वीच ती 1 लाख 10 हजार चालली होती. आता बोलून उपयोग आहे का?

उत्तर: ताई, आहे. तुमची केस वरच्या दादांपेक्षा मजबूत आहे, कारण गॅस्केट नशिबानं पण जातं, मीटर आपोआप मागं जात नाही. सर्व्हिस सेंटरकडनं ती नोंद शिक्क्यासह कागदावर घ्या, तोंडी नको. डीलर म्हणेल मला काय माहीत, आधीच्या मालकानं केलं असेल. म्हणू दे, तुम्ही पैसे त्याला दिलेत. गाडी परत देऊन पैसे मागा, नाहीतर किमतीतला फरक. पुढच्या वेळी मीटरआधी ब्रेक पेडलचं रबर आणि स्टीअरिंगची चकाकी बघा, 46 हजारात एवढं गुळगुळीत होत नाही.

प्रश्न: बार्शीहून. गाडी घेऊन चार महिने झाले, आरसी अजून जुन्या मालकाच्याच नावावर. डीलर म्हणतो होईल.

उत्तर: होईल म्हणजे कधी? राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, म्हणजे तुमची पण चूक आहे त्यात. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर जुन्या मालकाच्या सह्या झाल्यात का ते आधी बघा, कर्ज होतं तर आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी. बऱ्याचदा सगळं अडलेलं असतं ते त्या 35 वरच, डीलरनं जुनं कर्ज अजून फेडलेलंच नसतं, तेव्हा थेट बँकेत जाऊन विचारा. आणि विमा तुमच्या नावावर नसेल तर गाडी ठोकली तरी स्वतःच्या गाडीचा क्लेम अडकणार, त्यामुळं तोवर गाडी जपून चालवा, लांब तर नेऊच नका.