६४१ नं भाग जातो, पण हे शोधलं कसं?

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे. जेईईचा क्लास लावलाय, पण संध्याकाळी कॉम्प्युटरवर मोठमोठ्या संख्यांचे अवयव पाडत बसतो. ४२९४९६७२९७ ही मूळ संख्या नाही असं प्रोग्रॅमनं दाखवलं, तर घर डोक्यावर घेतलं. यात करिअर आहे का, की कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच बरं? – एक आई

उत्तर : नुसते अवयव पाडायचा पगार कुणी देत नाही. पण मुलाचा ओढा नेमका कशाकडे आहे, हे तपासायला हीच संख्या कामाची आहे.

ती म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला ती मूळ वाटत होती. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञानं ६४१ × ६७००४१७ अशी फोड दिली. प्रोग्रॅम २, ३, ५ अशा मूळ संख्यांनी ओळीनं भागत गेला, तर ६४१ येतो ११६ वा. ऑयलरनं मात्र दाखवलं, की हिच्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ नं भागलं तर बाकी १ च उरते. मग उमेदवार राहतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकारात काम फत्ते! पुढे ल्युका या फ्रेंच गणितज्ञानं ६४ च्या जागी १२८ आणले आणि ६४१ चा नंबर थेट दुसरा लागला.

६७००४१७ मूळ आहे हेही याच १२८ च्या नियमानं हातानं तपासता येतं. वर्गमूळ २५८८ च्या आसपास, आणि तिथपर्यंत नियमात बसणाऱ्या मूळ संख्या पाचच : २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. एकानंही भाग जात नाही.

आता मुलाला एक काम द्या. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६. एवढ्यावरून, मोठा भागाकार न करता, ६४१ नं भाग जातो हे सिद्ध करायचं. बाक्यांचं गणित माहीत असेल तर चार ओळी पुरतात. दोन-तीन दिवस मागे लागू नका.

तो यात रमला, तर गणितातल्या पदवीचा विचार जरूर करा : चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, बंगळूरचं आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट), पुण्याचं आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था). ‘प्रोग्रॅम सांगतोय ना’ म्हणून तो प्रोग्रॅमच वेगवान करायला बसला, तर कॉम्प्युटर सायन्स, आणि त्यात कमीपणा काही नाही. त्याला हाच प्रोग्रॅम सी भाषेत ३२ बिटांच्या अनसाइन्ड (ऋण संख्या न घेणाऱ्या) चलावर चालवायला सांगा. तिथे ४२९४९६७२९५ च्या पुढे जागाच नसते, त्यामुळे आपली संख्या १ होऊन बसते. पायथनमध्ये ही अडचण येत नाही. असं का होतं ते खणत बसणारी मुलं या शाखेत टिकतात.

दोन्ही आवडलं तर क्रिप्टोग्राफी, म्हणजे माहिती गुप्त ठेवण्याचं शास्त्र. मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड असतं यावर आरएसए ही कुलूपपद्धत उभी आहे; तिच्या २०४८ बिटांच्या किल्लीत ६१७ अंकी संख्या असते, आणि २०२० मध्ये मोठ्या प्रयासानं फोडलेली संख्या २५० अंकी होती. तिथे सिद्धता आणि कोड दोन्ही लागतं.

क्लास बंद करू नका. पण जेईईत पर्याय निवडायचा किंवा नुसता आकडा भरायचा असतो, चेन्नईच्या प्रवेश परीक्षेत सिद्धता लिहावी लागते. म्हणून रविवारी तिथली एखादी जुनी प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, पूर्ण लिहून काढू दे.