एकदा सॅम्पल आणायला बागेत जा

ताई, सप्रेम नमस्कार.
मी 26 वर्षांची आहे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि द्राक्षांमधले कीटकनाशकांचे अंश तपासणाऱ्या लॅबमध्ये लागले. आता तिसरा सीझन येईल. जानेवारी ते मार्च मान वर करायला फुरसत नसते. सॅम्पल बारीक करायचं, अर्क काढायचा, मशीनला लावायचं, आकडे तपासायचे, की पुढचं सॅम्पल हजर. त्यावर नाव नसतं, फक्त कोड. द्राक्षं कुणाची, पुढे त्यांचं काय झालं, काहीच कळत नाही. मैत्रिणी हिंजवडीला आहेत, त्यांचे पगार माझ्या दुपटीच्या वर. मी रोज सकाळी प्रेरणादायी व्हिडिओ ऐकते, आरशावर वाक्यं चिकटवली आहेत, पण दुपारच्या डब्यापर्यंत सगळा उत्साह संपतो. आई म्हणते, मन आनंदी ठेवायला शीक. सकारात्मक कशी राहू? की हे क्षेत्रच सोडू?
– एक वाचक, मखमलाबाद

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दोनदा वाचलं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे आणि माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. त्यामुळे तुझ्या कामाची दोन्ही टोकं मला ठाऊक आहेत, आणि तुला त्यातलं एकही दिसू नये याचं मला फार वाईट वाटलं.

आधी आरशावरची वाक्यं काढून टाक. मनापासून सांगते. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी जर्मनीत पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांचा अभ्यास केला होता. छान नोकरी लागल्याची गोड चित्रं जे जास्त रंगवत, त्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्या कमी चालून आल्या आणि पगारही कमी मिळाला. आपल्याला जमेल असा विश्वास वाटणं वेगळं, त्याचा फायदाच होतो. पण जे अजून व्हायचंय ते झाल्यासारखं मनात भोगून घेतलं की अंगातला जोर तिथेच खर्च होतो. दुपारी तुझा उत्साह संपतो, त्यात तुझ्या स्वभावाचा दोष नाही. काम कुठे पोचतं हेच दिसत नसेल, तर सकाळचं वाक्य किती वेळ पुरणार?

ते कुठे पोचतं, मी सांगते. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. बागायतदार त्याला ‘सीसीसी’ म्हणतात, वेलीची फाजील वाढ रोखायला ते मारत. आपल्याकडे तपासायच्या रसायनांच्या यादीत ते तेव्हा नव्हतंच. म्हणजे इथून माल रिपोर्टसकट गेला आणि तिथे अडला. माझ्या भावाने माल देऊन टाकला होता, हिशेब व्हायचा होता. औषधांची उधारी, मजुरांचे पैसे, पिकावर काढलेलं कर्ज, सगळं त्या हिशेबावर अवलंबून. वहिनीच्या पाटल्या त्या उन्हाळ्यात सराफाकडे गेल्या. नंतर ते रसायन यादीत आलं. पुढच्या सीझनला भावाच्या प्लॉटचा रिपोर्ट व्यवस्थित आला, तेव्हा त्याने तो कागद देवघराच्या फळीवर ठेवला. खाली कुणाची तरी सही होती. ती सही करणारं माणूस कोण, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आज तशा कागदांवर तुझी सही असते, किंवा उद्या असेल.

आणि तू मोजतेस ते काय? युरोपात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅमची अट असते. म्हणजे 100 टन द्राक्षांत एक ग्रॅम. तेवढं पकडायचं, आणि नसेल तर नाही म्हणून खात्रीने लिहायचं. तुझा रिपोर्ट ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर, चढल्याशिवाय त्या प्लॉटचा माल युरोपला निघत नाही. हे काम मला फार मोलाचं वाटतं.

पण माझ्या सांगण्याने भागणार नाही, तुला ते डोळ्यांनी बघावं लागेल. मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट यांनी 2007 मध्ये एका अमेरिकन विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही जणांची थोडा वेळ भेट घालून दिली, बस्स. महिन्याभराने तीच मुलं दुपटीहून जास्त वेळ फोनवर बोलत होती. त्यांना कुणी भाषण दिलं नव्हतं.

तुमच्या लॅबची माणसं सॅम्पल घ्यायला प्लॉटवर जातातच. या सीझनला इनचार्जना सांग, मला दोन-तीनदा त्यांच्याबरोबर पाठवा. कोडचं बंधन मात्र काटेकोर पाळ: ज्या प्लॉटवर गेलीस त्याचं सॅम्पल तुझ्या टेबलावर येऊ नये, असंही त्यांना आधीच सांग. याने तुझ्याबद्दल त्यांचा विश्वास वाढेल. जमलं तर त्याआधी, ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) चालते तेव्हा, एखाद्या नातेवाइकाच्या बागेत दिवसभर थांब. छाटणीनंतर पाऊस झाला की डावणी या बुरशीरोगाच्या भीतीने माणसं रात्रीसुद्धा फवारे का मारतात ते कळेल, आणि तुझ्या मशीनच्या आलेखात दिसणारी शिखरं कुठून येतात तेही. रसायनशास्त्राच्या दृष्टीनेसुद्धा हे शिक्षणच आहे.

दुसरं, घरी निघताना वहीत एक ओळ लिही: आज काय पुढे सरकलं. हार्वर्डच्या तेरेसा अमाबिले यांनी 238 नोकरदारांच्या रोजनिशीतल्या सुमारे 12,000 नोंदी तपासल्या, तेव्हा चांगल्या दिवसांमागे सर्वांत जास्त हेच कारण सापडलं, अर्थपूर्ण कामात थोडीशी प्रगती. अडलेलंही लिही. रडावंसं वाटलं असेल तर तेही लिही. आईला सांग, चेहरा रोज हसरा नसला तरी चालतो.

क्षेत्र सोडायचं का, हे सीझनच्या ऐन गर्दीत ठरवू नकोस. थकलेल्या मनाला सोडणं हाच उपाय वाटतो. तोवर एवढं बघ, की तू नवीन काही शिकते आहेस का. नवी चाचणी पद्धत बसवणं, तिची पडताळणी, लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेच्या तपासणीची तयारी, यात तुला घेतात का? पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रशिक्षणं बघ. हे येणारी व्यक्ती दूध, मसाले, पाणी, औषधं, कुठल्याही लॅबमध्ये चालते. मागूनही तीच ती कामं देत असतील, तर लॅब बदल, विषय नको.

राहिला पगार. कामाला कितीही अर्थ असला तरी कमी पगाराची टोचणी त्याने जात नाही, आणि जायलाही नको. बाहेर काय देतात याची चौकशी करून ठेव, किती सॅम्पल हाताळलीस, कोणत्या पद्धती एकटीने चालवतेस ते एका पानावर लिही आणि एप्रिलमध्ये माल संपला की आकडा सांगूनच बोल. जानेवारीत विषय काढू नकोस, तेव्हा त्यांच्याकडे ऐकायलाही वेळ नसतो.