फिन्श्गाउत गाडी किती, सायकल किती?

प्रश्न : मुलगा म्युनिकला असतो. त्याच्या गाडीतून आम्ही दोघं (वयं ६४ आणि ६०) उत्तर इटलीतल्या फिन्श्गाउ खोऱ्यात चार दिवस जायचं म्हणतोय. मुलाला स्टेल्व्हिओचा घाट चढायचाय, मला चालायचंय आणि यांचे गुडघे दुखतात. सगळ्यांचं जमेल का? जून बरा की सप्टेंबर?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, जमेल. फक्त घाटाला एकच सकाळ द्या, बाकीचे दिवस गाडी उभीच राहू दे. हे खोरं चालत आणि सायकलवरच कळतं.

चालण्याचं आधी सांगते, कारण माझा जीव तिथे आहे. आल्प्समध्ये असूनही हे खोरं आपल्या माणदेशासारखं पर्जन्यछायेत आहे. वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस. म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी शतकानुशतकं डोंगराच्या कुशीतून पाट काढून हिमनद्यांचं पाणी शेतांवर आणलं. या पाटाला ‘वाल’ म्हणतात. त्यावर देखरेख करणाऱ्याची पायवाट पाटालगत जाते, आणि पाणी हळूहळू वाहावं म्हणून पाटच जवळजवळ सपाट काढलेला असतो. तुमच्या यांच्या गुडघ्यांना याहून सोयीची डोंगरवाट मिळायची नाही. खोऱ्याच्या खालच्या टोकाला असलेल्या मेरान शहराजवळचा मार्लिंगचा वाल सुमारे १२ किलोमीटरचा आहे. दमलात तर मध्येच गावात उतरता येतं. काही वालांवर पाण्याच्या चाकाने वाजणारी घंटा दिसेल. ती गप्प झाली की पाणी कुठेतरी अडलंय, हे राखणदाराला घरबसल्या कळायचं.

सायकल माल्स स्टेशनवर भाड्याने घ्या. तिथून आदिजे नदीच्या सोबतीने मेरानपर्यंत साधारण ६० किलोमीटर, बहुतेक उतार. माल्स हजार मीटरवर, मेरान सव्वातीनशेवर. सगळं अंतर कापायचा हट्ट नको. लाट्श किंवा नाटुर्न्सला थांबा, सायकल स्टेशनवर परत करा आणि रेल्वेने या. विद्युतीकरणाच्या कामामुळे कधी कधी रेल्वेऐवजी बस सोडतात, तेवढं आधी बघून ठेवा. वाटेत तटबंदीचं चिमुकलं ग्लुर्न्स लागतं. तिथल्या बेकरीत राईचा जोडपाव घ्या. त्यात निळी मेथी घालतात, म्हणजे आपल्या मेथीचीच बहीण. मला तो लोण्याबरोबर फार आवडतो.

आता मुलाचा घाट. पायथ्याच्या प्राड गावाकडून ४८ वळणं, प्रत्येकावर क्रमांकाचा दगड, माथा २,७५७ मीटर. हा रस्ता १८२० ते १८२५ या काळात कार्लो डोनेगानी या अभियंत्याने बांधला. सातच्या आत निघा. नंतर मोटरसायकली आणि सायकलस्वारांची इतकी दाटी होते की चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरून हलत नाही आणि ऑर्टलर शिखर बघायचं राहून जातं. त्याच वाटेने उतरू नका. माथ्यापलीकडे थोडं खाली उतरून उम्ब्राइल खिंडीतून स्वित्झर्लंडमध्ये शिरा, म्युस्टाइरच्या मठातली बाराशे वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं बघा आणि ग्लुर्न्सला परत या. पासपोर्ट जवळ हवेत.

जून की सप्टेंबर? मी सप्टेंबरच म्हणेन. जूनच्या सुरुवातीला बर्फामुळे घाट बंद असू शकतो. सप्टेंबरात घाट सहसा उघडा असतो आणि खाली सफरचंदांची तोडणी चालू असते. मात्र तेव्हा गर्दीही असते, म्हणून खोली आत्ताच बघा, शक्यतो रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल अशी.