रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?

"कोलेस्टेरॉलची गोळी एकदा सुरू केली की जन्माची मागे लागते म्हणे. आता रिपोर्ट नॉर्मल आलाय, बंद केली तर चालेल ना?" समुपदेशनात हा प्रश्न मला सतत विचारला जातो.

एका शिक्षकांचं सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. वय चाळिशीच्या आत, अंगकाठी शिडशिडीत, व्यसन कसलंच नाही. विम्यासाठी केलेल्या तपासणीत एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साठणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल, २४८ निघालं. डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी दिली, तीन महिन्यांत आकडा ११८ झाला आणि यांनी परस्पर गोळी थांबवली. पुढच्या तपासणीत पुन्हा २४० च्या वर! बायकोच त्यांना घेऊन आली.

"मॅडम, तूप सोडलं, अंड्याला तर कधी शिवलोच नाही. मला कोलेस्टेरॉल कसं?"

मी त्यांना चप्पल काढायला सांगितली. टाचेमागची शीर चिमटीत धरून पाहिली, तर जाड आणि गाठाळ. ते म्हणाले, "बाबांचीही अशीच होती." मग बाबांबद्दल बोलले. वय ४४. रात्री छातीत जळजळतंय म्हणून सोडा प्यायले, आणि पहाटे गेले. घरात सगळे म्हणत, त्यांचं आयुष्यच तेवढं होतं.

बराच वेळ ते बोलत राहिले, मी मध्ये पडले नाही. गोळीची भीती वरवरची होती. गोळी घेतली की आपण बाबांसारखे 'हृदयाचे पेशंट' झालो, हे त्यांच्या मनात खोल बसलं होतं. मी एवढंच म्हटलं, "बाबांनी आयुष्यात अशी एकही गोळी घेतली नव्हती. त्यांचं रक्त कुणी तपासलंच नाही. तुमचं तपासलंय."

मग शरीरात काय घडतं ते सांगितलं. बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, ते शरीरातच तयार होतं. रक्तातलं एलडीएल उचलून घेण्याचं काम यकृत करतं. काही घराण्यांत ही क्षमता जन्मतःच कमी असते, साधारण अडीचशे माणसांत एकाची. म्हणून बारीक, शाकाहारी माणसाचंही एलडीएल १९० च्या वर जातं, आणि दुखतखुपत काहीच नाही. काहींच्या टाचेमागच्या शिरेत हेच कोलेस्टेरॉल साठतं आणि ती जाड होते, तुमच्यासारखी. स्टॅटिनमुळे यकृत कोलेस्टेरॉल कमी बनवतं आणि रक्तातलं जास्त ओढून घेतं. गोळी थांबली की आकडा परत चढतो. स्नायू दुखले तर डॉक्टरांना सांगायचं. डोस किंवा औषध बदलता येतं.

पथ्य नको असं नाही. वनस्पती तूप, त्याच त्याच तेलात तळलेलं फरसाण कमी करायलाच हवं. पण तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' वाचून निर्धास्त होणारी माणसं पाहिली की मला खरंच चीड येते. वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसतंच मुळी. पामतेलातही नसतं, तरी त्यातल्या संपृक्त चरबीने एलडीएल वाढतं.

हा दोष आईवडिलांपैकी एकाकडून आला, तरी प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये पहिली लिपिड तपासणी अठराव्या वर्षीच करा असं सांगितलंय, आणि घराण्यात लवकर हृदयविकार असेल तर त्याआधी. या शिक्षकांची मुलगी दहावीत आहे. तिचं एलडीएल १८६ आलं, बालरोगतज्ज्ञांकडे उपचार सुरू झालेत. शिक्षकांनी स्वतःची गोळी पुन्हा सुरू केलीय.

सुरतेचा धाकटा भाऊ मात्र "मला काही त्रास नाही रे दादा" म्हणत टाळतोय. मी शिक्षकांना म्हटलं, तुमच्या टाचेचा फोटो त्याला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि त्याच्या टाचेचा मागवा. टाच साधी दिसली तरी रक्त तपासायला लावाच.