विहिरीत दोरी सोडा, मग बी आणा

संक्रांत झाली की शेतीचं विचारणारं माझ्याकडचं टपाल वाढतं. या खेपेच्या निम्म्या पत्रांत एकच ओळ आहे : "ताई, उन्हाळी काय लावू?" जमीन किती, बाजार किती लांब, मागच्या वर्षी भाव काय होता, हे सगळं लिहिलेलं असतं. विहिरीचं मात्र कोणी लिहीत नाही. पारनेर तालुक्यातल्या एका भावानं लिहिलं, म्हणून त्यांचं पत्र पहिलं.

ज्वारी काढल्यावर एक एकर मोकळं होतंय. भेंडी, कलिंगड आणि उन्हाळी भुईमूग थोडं थोडं लावावं असा विचार आहे. रमजानला कलिंगड चालतं असं दुकानदार म्हणतात. विहीर २० फूट रुंद आहे. आज उपसली तर दुसऱ्या सकाळपर्यंत तीन फूट पाणी येतं. मागच्या एप्रिलात सव्वा फूट येत होतं. ठिबक आहे. तीन गाई आहेत.

भाऊ, तुम्ही आकडे दिलेत, आता आपण हिशेब करू. हा हिशेब मला आमच्या मामंजींनी शिकवला. त्यांच्याकडे सुतळीची एक दोरी होती, टोकाला वरवंट्याचा तुटका तुकडा बांधलेला आणि दर फुटाला गाठ. रोज सकाळी चहाआधी ते दोरी विहिरीत सोडायचे, वर ओढायचे आणि ओल्या गाठी बोटानं मोजायचे. कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहायचे. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण मार्चमध्येच सांगायचे, "सूनबाई, दुसरी भेंडी लावू नकोस."

वीस फूट रुंद विहिरीत एक फूट पाणी म्हणजे जवळपास ९,००० लिटर. म्हणजे आज तुमच्याकडे रोजचं २७,००० लिटर आहे आणि एप्रिलात ११,००० राहील. त्यातलं गाईंना आणि घराला पाचशे लिटर काढून ठेवा.

आता पिकाची बाजू. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ४,००० लिटर. फेब्रुवारीत लहान पिकाला रोज तीन-चार मिलिमीटर पुरतं. एप्रिलात आपल्याकडचं ऊन आणि वारा बघता भाजीला साडेसहा तरी लागतं, म्हणजे एकरी २६,०००. तुमच्याकडे असणार साडेदहा हजार. एकराचे चाळीस गुंठे धरून भागाकार करा. सोळा गुंठे! तुमचा एक एकर एप्रिलात सोळा गुंठ्यांचा होतो. आज विहीर भरलेली दिसते म्हणून आपण एकराचं बी आणतो आणि एप्रिलात चोवीस गुंठे उभं पीक वाळताना बघत बसतो.

म्हणून माझं सांगणं असं. दहा गुंठे भेंडी, पाच गुंठे गवार, एवढंच उन्हाळा काढेल. पंधरा गुंठ्यांत चाऱ्याचा मका घाला, आफ्रिकन टॉल वाणाचा. तो आत्ता पेरलात तर मार्चअखेर तुरा पडेल, कापून गाईंना घाला, आणि नेमकं पाणी आटायच्या वेळी ते शिवार मोकळं होईल. दुधाचे पैसे आठवड्याला हातात येतात, ते मी कलिंगडाच्या स्वप्नापेक्षा वर धरते. उरलेले दहा गुंठे नांगरून उन्हात तापू द्या.

भेंडीची घाई नको. पारनेरला पहाटे अजून तोंडातून वाफ निघत असेल. गार मातीत भेंडीचं बी फुगतं आणि उगवायच्या आधी कुजतं, मग आपण बियाणाला शिव्या देतो. रथसप्तमी होऊ द्या, पहाटेचा कडाका मोडू द्या. बी रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी सुकवून लावा. उन्हाळ्यात झाड फार वाढत नाही, त्यामुळे अंतर जवळ चालतं : दोन ओळींत फूट-सव्वा फूट, दोन रोपांत सहा इंच. सुधारित वाणाचं बी दहा गुंठ्यांना सव्वा किलो खूप झालं. पिशवीवर लॉट नंबर असलेलंच घ्या आणि पावती जपून ठेवा. मी एकदा ओळखीच्या दुकानातून सुटं बी आणलं होतं. पाचधारी, आठधारी, काटेरी, सगळ्या जातींचं संमेलन भरलं आमच्या शेतात.

तोडणीचं कोणी सांगत नाही म्हणून सांगते. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी भेंडी सुरू झाली की एक दिवसाआड तोडावीच लागते. एक तोडा चुकला की भेंडी जून होते. टोक बोटानं दाबलं की कट्‌कन मोडलं पाहिजे, नुसतं वाकलं तर ती भेंडी आपल्याच घरी खायची. लव हाताला फार खाजते. जुने पायमोजे हातात चढवा आणि ऊन चढायच्या आत उरका. घरात दोन माणसं तोडणीला नसतील तर दहाचे पाच गुंठे करा, हिशेब पाण्याचा कितीही बसो.

मे महिन्यात पाणी आणखी उतरलं तर आधी गवारीचं पाणी तोडा. ती तहान काढते, भेंडी काढत नाही. दोन्हींच्या बुडाशी उसाचं पाचट नाहीतर ज्वारीचं धसकाट अंथरा.

कलिंगडाचं दुकानदारांनी अर्धंच सांगितलं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२३ साली तो २४ मार्चच्या सुमारास लागला, २०२५ साली मार्चच्या पहिल्याच आठवड्यात. कलिंगडाला अडीच-तीन महिने लागतात. आता लावलेलं एप्रिलअखेर येईल. ईदसुद्धा होऊन गेलेली असेल.

भुईमुगाबद्दल मी जरा कडवट आहे, कारण २०१९च्या उन्हाळ्यात मी तो करून बसले. आधीच्या वर्षी पाऊस कमी झालेला, तरी जानेवारीत विहिरीत पाणी बघून मोह झाला. टॅग-२४ वाण, अर्धा एकर. उगवण बघायला माणसं यायची इतकी सुरेख. भुईमुगाला फुलं लागली की आऱ्या सुटतात, त्या मातीत घुसल्या तरच शेंग धरते. त्या टोकदार, जांभळट आऱ्या एप्रिलात सुटल्या आणि खाली माती विटेसारखी. पाण्याची पाळी आठवरून बारा दिवसांवर गेली होती. रात्री बॅटरी घेऊन बघायला गेले तर आऱ्या जमिनीवर टेकून वाळलेल्या, शिवणयंत्राच्या सुयांसारख्या. उपटल्यावर झाडाला तीन-चार शेंगा, त्याही पोचट. पाला गुरांनी खाल्ला. मामंजी त्या वेळी नव्हते आणि दोरी माळ्यावर होती.

भुईमूग वाईट पीक नाही. कालव्याखाली, नदीकाठी जरूर करावा. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पेरा, एकरी चाळीस किलो दाणे, जिप्सम निम्मं पेरताना आणि निम्मं आऱ्या सुटताना, आणि आऱ्या सुटल्यावर खुरपं आत घालायचं नाही. पण त्याला सगळ्यात जास्त पाणी मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत लागतं आणि तुमची विहीर नेमकी तेव्हा बसते. तुमच्याकडे नको.

पुढचं पत्र शहरातलं : आम्ही पुण्यात आठव्या मजल्यावर राहतो. गच्चीत वीस लिटरच्या बादलीत दुधी लावला होता. वेल भरपूर वाढला, फुलंही आली, पण छोटे छोटे दुधी पिवळे पडून गळले. यंदा पुन्हा लावायचाय. खत कोणतं घालू?

खताचा दोष नाही हो, लग्नच लागलं नव्हतं. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि रात्री पतंग येऊन परागीकरण करतात. आठव्या मजल्यावर पतंग येणार कुठून? ते काम तुम्ही करायचं. पहिले आठ-पंधरा दिवस नुसती नरफुलं येतात, लांब देठाची, ती गळणारच. मादीफुलाच्या मागे बोटाएवढा लवदार दुधी आधीच असतो. दोन्ही एकाच संध्याकाळी उमलली की दिवेलागणीला नरफूल तोडा, पाकळ्या सोला आणि आतला पिवळा दांडा मादीफुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. सकाळी करून उपयोग नाही, फूल मान टाकतं. दोडक्याचंही असंच, तोही संध्याकाळचा. काकडी आणि कारलं मात्र सकाळचे, त्यांचं ऑफिसला जायच्या आधी उरका.

वेलाला आठ-दहा पानं झाली की शेंडा खुडा. जीव तुटतो, पण मुख्य वेलावर नरफुलंच जास्त येतात, मादीफुलं बाजूच्या फुटव्यांवर. आणि वीस लिटरची बादली दुधीला अपुरी आहे. एप्रिलात दुपारी चारला वेल माना टाकतो ना, ते त्यामुळे. चाळीस-पन्नास लिटरचा पिंप घ्या आणि एकच वेल ठेवा. दोन ठेवायचा मोह होईल.

हे पत्र कोकणातून : भात काढल्यावर आमची खाचरं पडूनच असतात (ता. गुहागर). वरच्या ओढ्याचं पाणी मार्चच्या मध्यापर्यंत मिळतं. मुंबईची नोकरी सोडून आलोय. आता काही लावता येईल का?

वाल आणि कुळीथ ओलीवर टाकायची वेळ गेली, ते भात कापल्या कापल्या करायचं होतं. पुढच्या डिसेंबरसाठी कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. मी घाटावरची, पण माझी नणंद दापोलीला दिली आहे आणि तिच्या अंगणात बसून मी बऱ्याच गोष्टी शिकले. तुमच्याकडे दीड महिना पाणी आहे, तर दीड महिन्यात संपणारं लावा : लाल माठ आणि मुळा. माठ महिन्याभरात उपटायला येतो. सगळा एकदम पेरू नका, आठवड्याला दोन वाफे, म्हणजे बाजारात रोज दहा-पंधरा जुड्या नेता येतील. खाचरातली माती वाळली की वर पापुद्रा धरते आणि माठाचं मोहरीहून बारीक बी त्याखाली गुदमरतं. वाफा जरा उंच करा, बारीक शेणखत मिसळा, बी वाळूत कालवून फेका आणि पाणी झारीनं द्या, पाटानं नको.

घराच्या विहिरीचं पाणी पोचत असेल तेवढ्या तुकड्यात चवळी करा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कोकण सदाबहार वाण दोन महिन्यांत येतो. नोकरी सोडून आलात याबद्दल मी काही बोलणार नाही. पहिल्या वर्षी माठच करा.

सोलापूरकडचं पत्र : मे महिन्यात कोथिंबिरीला सोन्याचा भाव असतो. सोलापूरजवळ अर्धा एकर आहे, बोअरला बारमाही पाणी आहे. मार्चअखेर सगळी कोथिंबीर टाकली तर?

जुडी चाळीसला गेली की बातमी होते. पाचला गेली की बाजार समितीच्या दारात फेकलेली दिसते, ती बातमी होत नाही. भाव चढतो तो उगाच नाही. चाळीस अंशाच्या उन्हात कोथिंबीर धड उगवत नाही, उगवली तर पिवळी पडते, हातभर व्हायच्या आत दांडे काढते. करायचीच असेल तर अर्ध्या एकराचे चार भाग करा आणि आठ-आठ दिवसांनी एकेक टाका. म्हणजे एक फसली तरी दुसरीला भाव सापडेल. धने चपलेखाली किंवा लाटण्यानं रगडून दोन फाका करा, अख्खे पेरू नका. बारा तास भिजवा. वर हिरवी शेडनेट लागेल, निदान उगवण होऊन चार पानं येईपर्यंत गव्हाच्या काडाचं आच्छादन.

आणि चारपैकी एका भागात तांदळी टाका. तिला ऊन आवडतं, भाव मध्यम असतो, पण ती दगा देत नाही. तांदळीची परतून केलेली भाजी भाकरीबरोबर कशी लागते, ते सोलापूरकरांना मी काय सांगू.

निफाडहून पत्र : द्राक्षासाठी आणलेलं पाण्यात विरघळणारं गंधक उरलंय. काकडीवर भुरी आलीय. मारू का?

नको. काकडीवर्गातल्या वेलांना गंधक सोसत नाही, त्यात आता ऊन चढतंय, पानं करपतील. भुरीची, म्हणजे पांढऱ्या बुरशीची पानं तोडून शेताबाहेर न्या, वेल तारेवर मोकळा करा आणि काकडीच्या लेबलवर मान्यता असलेलंच औषध कृषी सहायकांना विचारून आणा. फवारणी संध्याकाळी करा. काकडीची फुलं सकाळी उघडतात आणि मधमाश्या तेव्हाच येतात, त्या मेल्या तर काकड्या वाकड्या निघतील.

आणि शेवटचं पत्र : आईनं राखेत घालून मडक्यात ठेवलेलं दोडक्याचं बी सापडलं. आईला जाऊन तीन वर्षं झाली. उगवेल का?

वीस बिया मोजून घ्या. रात्रभर कोमट पाण्यात ठेवा, मग ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळून चुलीजवळ किंवा फ्रीजच्या मागे उबेला ठेवा. गोणपाट वाळू देऊ नका. आठ-दहा दिवसांनी उघडा. पंधरा फुटल्या तर बी उत्तम आहे, आठ-दहा फुटल्या तर आळ्यात दोनाऐवजी चार बिया टाका. एक जरी फुटली तरी ती टाकून देऊ नका. कुंडीत लावा, मांडवावर चढवा आणि पहिला दोडका खायला न तोडता वेलावरच वाळू द्या, हलवला की आत बी खुळखुळेपर्यंत.