विणकाम सल्ला : क्रोशाचं फडकं आणि उठावाचा खांब

प्रश्न : साखळी, मुका खांब, खांब हे टाके नीट येतात. आता उठावाचा टाका शिकायचा आहे. एकदम शालच घ्यावी का? (राजारामपुरी)

उत्तर : शाल नको, ओटा पुसायचं फडकं घ्या. ओळ 36 टाक्यांची असते, चूक चटकन सापडते आणि उसवताना जीव जात नाही. टाका वॉफलचा घ्या, तो साध्या आणि उठावाच्या खांबांतूनच बनतो. त्याच्या चौकोनी खळग्यांत पाणी धरून राहतं, म्हणून फडक्याला तो शोभतोही आणि उपयोगीही पडतो.

4 मिमीची सुई आणि 50 ते 60 ग्रॅम 8 प्लाय (मध्यम जाडीचा) सुती दोरा पुरतो. 38 साखळ्या घालून सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घ्या आणि ओळ पुरी करा. सोडलेल्या तीन साखळ्या हा एक खांब, असे 36 होतात.

दुसरी ओळ : तीन साखळ्या, म्हणजे पहिला खांब. मग एक उठावाचा, दोन साधे, हाच क्रम. शेवटी दोन टाके उरले की एक उठावाचा आणि वळणाच्या साखळीत (खालच्या ओळीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्यांपैकी सर्वांत वरची) एक साधा.

तिसरी ओळ : तीन साखळ्या, मग एक साधा, दोन उठावाचे. शेवटचे दोन्ही साधे. पुढे याच दोन ओळी आलटून-पालटून, फडकं चौरस होईपर्यंत.

उठावाच्या खांबासाठी सुईवर दोरा घ्या. सुई वरच्या वेणीत (टाक्याच्या माथ्यावरच्या दोन दोऱ्यांत) न घालता खालच्या ओळीतल्या खांबाच्या उजवीकडून मागे न्या आणि डावीकडून पुढे काढा. खांबाचा दांडा सुईवर आडवा आला पाहिजे. दोरा ओढून जरा सैल ठेवा, मग नेहमीसारखा खांब पुरा करा. इथे ओढून धरलंत की फडकं आखडतं.

नवख्यांची ठरलेली चूक यापुढची. उठावाच्या खांबामागे त्या टाक्याची वेणी मोकळी दिसते आणि हात आपसूक तिच्यात जातो. ती सोडायची, नाहीतर दर वेळी एक टाका वाढतो. क्रम विसरलात तर खालची ओळ बघा : पाठीकडे दबलेल्या खांबावर साधा, वर आलेल्यावर उठावाचा. खळगे चौथ्या-पाचव्या ओळीनंतरच दिसू लागतात. तोवर धीर धरा.

प्रश्न : फडकं वर निमुळतं होत जातं. (कसबा बावडा)

उत्तर : शेवटचा खांब सुटतोय. वळणाच्या तीन साखळ्या हा खांबच आहे, पण तो बारीक असल्याने नजरेतून निसटतो. वळलात की तिसऱ्या साखळीत सेफ्टी पिन अडकवा आणि परतताना तिथेच शेवटचा खांब घ्या. उलट रुंदी वाढत असेल, तर साखळ्या घालूनही पहिल्याच टाक्यात आणखी एक खांब घेतला जातोय.

प्रश्न : मागांसाठीचं कोनवरचं सूत स्वस्त पडतं. ते चालेल? (इचलकरंजी)

उत्तर : हिशोब बघा. 20 नंबरचं एकपदरी सूत ग्रॅमला सुमारे 34 मीटर भरतं. आपल्याला हवा ग्रॅमला 2 मीटरचा दोरा, म्हणजे 17 पदर एकत्र धरावे लागतील. त्यांना एकत्र पीळ नसल्याने सुईचं टोक मधेच घुसतं आणि दोन-चार पदर बाहेर लोंबतात. सायझिंग झालेलं ताण्याचं सूत तर खळीमुळे कडक असतं. धुतल्याशिवाय पाणी शोषत नाही. पीळ दिलेलाच दोरा घ्या. हाताशी आहे म्हणून अ‍ॅक्रिलिक लोकरही नको : ती पाणी नुसतं पसरवते आणि गरम पातेल्याला लागली तर वितळते.

प्रश्न : पावसाळ्यात फडक्याला वास येतो. (कळंबा)

उत्तर : वॉफल जाड, त्यात आपल्याकडचा पाऊस. जून ते सप्टेंबर ओट्यासाठी मुक्या खांबाचं पातळ फडकं ठेवा. ते लवकर वाळतं. वॉफलची दोन-तीन करून फिरवत वापरा. वास धरलेलं फडकं पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा. रंगीत असेल तर वेगळ्या भांड्यात. रश्शाचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, घाबरू नका. धुऊन उन्हात टाका, ऊन पडलं तर!